सीमापार सहकार

एका देशातल्या सहकारी संस्थेने दुसऱ्या देशातल्या सहकारी संस्थेशी खरेदी-विक्री, भांडवल, तंत्रज्ञान किंवा प्रशिक्षण यांसाठी जोडलेले नाते म्हणजे सीमापार सहकार. या नावाखाली साधी निर्यातही खपवली जाते आणि सरकारांमधले करारही. त्यामुळे असा व्यवहार पाहताना एक प्रश्न विचारावा: पलीकडच्या माणसाला संस्थेत मतदानाचा हक्क आहे का? माल, पैसा आणि कल्पना सीमा सहज ओलांडतात. सभासदत्व मात्र क्वचितच ओलांडते.

कल्पनेचा प्रवास सर्वांत जुना. इंग्लंडमधल्या रॉचडेल येथे १८४४ साली विणकर आणि इतर कारागिरांनी, एकूण २८ जणांनी, दुकान काढले. भेसळ नसलेला माल, रोखीचा व्यवहार, एका सभासदाला एक मत आणि खरेदीच्या प्रमाणात परतावा, हे त्यांचे नियम. शंभराहून अधिक वर्षांनी, १९४८ साली, मुंबईत नायगावला गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘अपना बाजार’ सुरू झाला तो याच वळणावर. तिथेही कापडगिरणी आणि इथेही कापडगिरणी, हा योगायोग बोलका आहे.

कल्पनेबरोबर खुणाही येतात. दरवर्षी १४ ते २० नोव्हेंबर या सहकार सप्ताहात लालबाग-परळच्या एखाद्या पतपेढीसमोरून जावे. तळमजल्याची खोली, भिंतीवर ‘विना सहकार नाही उद्धार’, आणि शिपायाने खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला सात रंगांचा ध्वज. आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने (आयसीए) हा ध्वज १९२५ साली स्वीकारला. पुढे इंद्रधनुष्य इतर चळवळींनीही हाती घेतले, ओळखीचा घोटाळा होऊ लागला, म्हणून संघाने २००१ मध्ये वेगळा ध्वज केला. पतपेढीपर्यंत ते पोचलेले दिसत नाही. येणारे-जाणारे आता त्या सात रंगांचा भलताच अर्थ लावतात आणि वसुलीच्या गडबडीत असलेल्या व्यवस्थापकाला त्याचे काही वाटत नाही.

आयसीएची स्थापना १८९५ साली लंडनमध्ये झाली. तिचे मुख्यालय नंतर जिनिव्हाला आणि २०१३ पासून ब्रुसेल्सला गेले. आशियासाठीचे प्रादेशिक कार्यालय १९६० पासून नवी दिल्लीत आहे. ही व्यापारी संस्था नव्हे, ती शिखर संघांचा संघ आहे. सहकारी संस्था कोणाला म्हणावे, याची जगभर मानली जाणारी व्याख्या आणि तत्त्वे ती ठरवते. या तत्त्वांच्या इतिहासात एक मराठी नाव आहे, आणि ते सहकार खात्याच्या परीक्षा देणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. तत्त्वे नव्याने तपासण्यासाठी संघाने साठच्या दशकात नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रय गोपाळ कर्वे. ते काही काळ रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते. आयोगाच्या शिफारशी १९६६ च्या व्हिएन्ना अधिवेशनात मान्य झाल्या आणि एक नवे तत्त्व जोडले गेले: सहकारी संस्थांनी स्थानिक, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अशा सर्व पातळ्यांवर एकमेकींशी सहकार्य करावे. १९९५ च्या मँचेस्टर अधिवेशनातल्या यादीत ते सहावे आहे. सीमापार सहकाराचा तात्त्विक आधार म्हणून आज जे वाक्य पुढे केले जाते, ते असे कर्वे आयोगाचे.

तत्त्व उशिरा लिहिले गेले, व्यवहार आधीपासून चालू होता. स्कँडिनेव्हियातल्या ग्राहक संस्थांनी १९१८ मध्ये कोपनहेगनला ‘नॉर्डिस्क अँडेल्सफोरबुंड’ हा संयुक्त खरेदी संघ काढला. कॉफी आणि फळे प्रत्येक देशाने वेगळी विकत घेण्याऐवजी सगळ्यांनी मिळून घ्यायची, म्हणजे भाव चांगला मिळतो, एवढाच हिशेब. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या घाऊक सहकारी संस्थांनी तर त्याच्याही आधी चहासाठी सिलोन आणि भारतात स्वतःचे मळे घेतले होते. इंग्लंडमधली गिरणी कामगाराची बायको आपल्या सहकारी दुकानातून चहा घेई आणि त्यावर परतावाही मिळवी; तो चहा खुडणारी मजूर बाई सभासद नव्हती, नोकर होती. स्पेनच्या बास्क प्रांतातल्या माँद्रागोन या कामगारांच्या सहकारी समूहावर आजही हाच आक्षेप घेतला जातो: मायदेशात कामगार मालक, परदेशातल्या उपकंपन्यांत बहुतेक नुसते पगारी.

मतासह सीमा ओलांडण्याचे ठळक उदाहरण दुधाचे आहे. डेन्मार्कची एमडी फूड्स आणि स्वीडनची आर्ला या संस्था २००० साली एक झाल्या. आज त्या आर्लाचे शेतकरी-मालक सात देशांत आहेत आणि प्रतिनिधी मंडळावर ते आपापल्या भागातून निवडून जातात. युरोपीय संघाने ‘युरोपीय सहकारी संस्था’ असा स्वतंत्र कायदेशीर प्रकारही केला. तो २००६ पासून लागू आहे. किमान दोन सदस्य देशांत राहणाऱ्या पाच व्यक्ती अशी संस्था काढू शकतात. भांडवलाची अट ३० हजार युरोंची.

मुंबईच्या दृष्टीने या विषयातले सर्वांत मोठे प्रकरणही दुधाचेच. १९७० साली दुग्धमहापूर योजना सुरू झाली तेव्हा युरोपात दुधाची भुकटी आणि लोणी यांचे डोंगर साचले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल देण्याचे ठरले. हा माल फुकट वाटला असता तर आपल्या गवळ्याचा भाव कोसळला असता. व्हर्गीस कुरियन यांनी तो वाटू दिला नाही. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथल्या दुग्धशाळांना तो विकला गेला. तिथे भुकटी, बटर ऑइल आणि पाणी यांपासून पुन्हा दूध तयार होई. विक्रीचा पैसा गावोगावच्या दूध संस्था, शीतकरण केंद्रे आणि टँकर यांत घातला. पहाटे कार्ड घेऊन केंद्रावर रांग लावणाऱ्या मुंबईकराच्या हातातल्या काचेच्या बाटलीत, म्हणजे, थोडा युरोपही असे. डेन्मार्क आणि हॉलंडचे ते शेतकरी स्वतः बहुतांशी सहकारी डेअऱ्यांचे सभासद होते. पण त्यांची आणि गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या सभासदाची गाठ कधी पडली नाही. मध्ये सरकारे होती. तरीही या व्यवहाराने जेवढे केले तेवढे नुसत्या परिषदांनी केले नसते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

खताच्या क्षेत्रात नाते जास्त थेट होते. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या इफ्को या खतांच्या सहकारी संस्थेला उभारणीच्या काळात अमेरिकी सहकारी संस्थांची मदत मिळाली. पुढे इफ्को आणि तिच्यासारखीच खतांची सहकारी संस्था कृभको या दोन्ही स्वतः बाहेर गेल्या: ओमानमधल्या सूर इथल्या युरिया कारखान्यात प्रत्येकीचा २५ टक्के वाटा असून उरलेला निम्मा ओमानच्या तेल कंपनीचा होता. उत्पादन २००५ मध्ये सुरू झाले. कारण सरळ आहे, तिथे नैसर्गिक वायू आहे आणि इकडे युरियाची भूक आहे. पण सूरचा कारखाना ही कंपनी आहे. मालक सहकारी, रचना भांडवली.

अमूलने २०२४ मध्ये अमेरिकेत ताजे दूध विकायला सुरुवात केली ती वेगळ्या रीतीने. जोडीदार होता १९१६ पासूनचा तिथला दूध उत्पादकांचा संघ, मिशिगन मिल्क प्रोड्यूसर्स असोसिएशन. दूध मिशिगनच्या गाईंचे, नाव आणि प्रमाण आणंदचे. समुद्र ओलांडून काही जातच नाही. नाशवंत मालाच्या सहकारात ही रीत शहाणपणाची वाटते.

महाराष्ट्राच्या द्राक्षांना मात्र समुद्र ओलांडावाच लागतो. १९९१ मध्ये द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ ही भागीदारी संस्था केली. सुरुवातीचा धडा तापमानाचा होता: घड तोडल्यावर तासाभराची दिरंगाई न्हावा शेवाला दिसत नाही, युरोपच्या बंदरात पेटी उघडल्यावर दिसते. म्हणून पूर्वशीतकरण आणि शीतगृहे उभी राहिली. खरेदीदार मुख्यतः तिकडची सुपरमार्केट साखळी. त्यामुळे याला सहकारी निर्यात म्हणावे, सीमापार सहकार नव्हे. गिरगावात १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाचेही तसेच. त्या संस्थेची नोंदणी सहकार कायद्याखाली नाही, बाणा पुरता सहकारी, आणि पापड परदेशी पोचतो तो व्यापारी निर्यातदारांच्या हातून.

२०२३ मध्ये केंद्राच्या पुढाकाराने राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्था नोंदली गेली. प्रवर्तकांत अमूल, इफ्को, कृभको आणि नाफेड आहेत. बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर बंदी असताना काही देशांच्या विनंतीवरून तिच्यामार्फत तांदूळ पाठवला गेला. हा व्यवहार सरकार-ते-सरकार जातीचा होता. नावातला ‘सहकारी’ शब्द तपासून घ्यावा.

अडचणीचे मूळ कायद्यात आहे. आपल्याकडे प्रत्येक संस्थेच्या उपविधीत कार्यक्षेत्र लिहिलेले असते: एक गाव, एक तालुका, एक राज्य. राज्याबाहेर जायचे तर बहुराज्य कायदा आहे. देशाबाहेर जायचे तर सहसा कंपनी काढावी लागते.

मतासह सीमा ओलांडलेला सभासद मुंबईत पाहायचाच असेल तर तो गृहनिर्माण संस्थेत सापडतो. पार्ल्याच्या इमारतीतला फ्लॅट भाड्याने देऊन न्यू जर्सीत राहणारा सभासद भागपत्र जपून ठेवतो आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतचे बिनभोगवटा शुल्क भरतो. वार्षिक सभेची नोटीस त्याला ईमेलने जाते. मुखत्यारपत्र घेऊन आलेल्या मेहुण्याला सचिव दारातच सांगतात, ‘तुम्हाला सभेत बसता येणार नाही, उपविधी बघा.’