पॉलिप सापडतो परतीच्या वाटेवर

कोलोनोस्कोपीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या नळीने मोठं आतडं आतून तपासताना, नळी आत सरकत असते तेव्हा डॉक्टरांचं लक्ष असतं पोहोचण्याकडे. सुमारे दीड मीटरचं मोठं आतडं पार करायचं आणि अपेंडिक्सचं तोंड गाठायचं. पॉलिपची, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या गाठींची, खरी शोधाशोध होते ती नळी बाहेर काढताना.

आतड्याला आतून घड्या असतात आणि पॉलिप नेमके त्यांच्यामागे दडतात. म्हणून नळीचं टोक वळवून घडीघडीमागे डोकवायचं, साचलेलं पाणी ओढून घ्यायचं, शंका आली तर तोच भाग पुन्हा पाहायचा. याला वेळ लागतो. 2006 साली 12 डॉक्टरांच्या कामाची तुलना प्रसिद्ध झाली. परतीला सरासरी 6 मिनिटं किंवा जास्त घेणाऱ्यांना 28.3 टक्के तपासण्यांत गाठी सापडल्या. घाई करणाऱ्यांना 11.8 टक्क्यांत.

देठावर लोंबणारा पॉलिप सहसा नजरेत भरतो. फसवतात ते चपटे, विशेषतः उजव्या बाजूचे. रंग आजूबाजूच्या अस्तरासारखाच, कडा अस्पष्ट. खूण म्हणाल तर वर चिकटलेला पिवळसर चिकट थर आणि त्याखाली मध्येच दिसेनाशा झालेल्या बारीक रक्तवाहिन्या.

सापडला की आधी माप. 5 मिलिमीटरपर्यंतच्या पॉलिपमध्ये कॅन्सर क्वचितच असतो. 10 च्या पुढे काळजी वाढते. पण कॅमेऱ्याची भिंग रुंद कोनाची, त्यामुळे नुसत्या नजरेचा अंदाज चुकतो. मग पॉलिप कापायचा तारेचा फास शेजारी उघडून धरतात. त्याची रुंदी माहीत असते.

नंतर एक बटण दाबलं की नळीच्या टोकाचा प्रकाश निळा-हिरवा होतो. 415 आणि 540 नॅनोमीटरचा हा प्रकाश हिमोग्लोबिन शोषून घेतं, त्यामुळे रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. पुढे कॅन्सर होऊ शकणारा अ‍ॅडेनोमा बहुधा तपकिरी दिसतो, निरुपद्रवी पॉलिप फिकट. वाहिन्यांची जाळी तुटलेली, विस्कटलेली दिसली तर फास तिथेच थांबवायचा. कॅन्सर खोलवर गेला असण्याची शक्यता असते. अर्थात अंतिम निदान पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखालीच होतं.

आता संगणकही संशयित जागेभोवती पडद्यावर चौकट काढतो. मदत होते, पण कॅमेऱ्यासमोर जे आलंच नाही त्याभोवती तो चौकट काढणार कशी? घडीमागचं त्याला दिसत नाही, उरलेल्या मळाखालचंही नाही. तपासणीआधी तोंड वाकडं करून प्यायलेलं ते जुलाबाचं औषध म्हणूनच शेवटच्या घोटापर्यंत संपवायला सांगतात.