पाळीव पक्षी असलेल्या घरांचे आपत्कालीन स्थलांतर नियोजन (पुणे)

पूर, आग, वायुगळती किंवा इमारतीला धोका अशा प्रसंगी घर सोडावे लागल्यास घरातील पिंजऱ्यातले पक्षीही सुखरूप बाहेर पडावेत, यासाठी कुटुंबाने आधीच करून ठेवलेली तयारी. पक्ष्यांच्या संदर्भात ‘स्थलांतर’ म्हटले की हिवाळ्यात भिगवणला उतरणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आठवतात. येथे तो अर्थ नाही. कुत्रा हाकेसरशी मागे येतो, मांजर पिशवीत घालता येते. पक्षी घाबरला की उडतो, आणि बंद खोलीत उडणारा पक्षी पकडण्यात जी वीस मिनिटे जातात ती संकटात कोणाकडेच नसतात. त्यामुळे या नियोजनाचे जवळजवळ सगळे काम साध्या, निवांत दिवसांत करायचे असते. प्रत्यक्ष प्रसंगी फक्त उचलून निघणे उरले पाहिजे.

पुण्यात या तयारीचे मुख्य कारण पाणी आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे बांधकामाधीन मातीचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला धरणही फुटले आणि मुठाकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरातील मुसळधार पावसाने आंबिल ओढा फुगला. अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत सोसायट्यांच्या तळमजल्यांत पाणी शिरले. त्याच दिवशी डेक्कनजवळच्या पुलाची वाडी येथे विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला.

या घटनांत दोन प्रकार दिसतात आणि नियोजनात ते वेगळे धरावे लागतात. मुठेच्या पुराला बहुधा पूर्वसूचना असते: खडकवासल्यातून विसर्ग किती क्युसेकने वाढवला हे जाहीर होते, भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी येते. निळ्या किंवा लाल पूररेषेच्या (नदीच्या पुराची हद्द दाखवणाऱ्या रेषेच्या) आतल्या घरांनी पक्षी प्रवासी पेटीत घालण्यासाठी हीच वेळ धरावी. पाणी पार्किंगमध्ये येण्याची वाट पाहू नये. ओढ्याच्या पुराला अशी सवड नसते. तेथे पेटी कायम दाराजवळ हवी. मात्र शहरातील अनेक इमारतींत पाणी पार्किंग आणि तळमजल्यापुरतेच चढते. अशा वेळी पक्षी घेऊन रस्त्यावरच्या पाण्यात उतरण्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे जाणे अधिक शहाणपणाचे असते. त्यांच्याशी हे बोलणे पावसाळ्यापूर्वीच झालेले असावे.

आगीचे गणित उलटे आहे, कारण धूर वर चढतो. पक्ष्यांच्या फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहते आणि त्याला जोडून बहुतेक पक्ष्यांत नऊ वायुकोश असतात. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू या रचनेमुळे भरपूर मिळतो, पण विषारी वायूही तितक्याच झपाट्याने शरीरात भिनतो. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी जवळ बाळगले जात ते याचसाठी. माणसाला खोकला येईल एवढ्या धुरात बजीसारखा (बजरीगार) लहान पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात किंवा मीटरच्या पेटीजवळ नसावा, आणि ज्या दारातून घर रिकामे होणार त्याच बाजूला असावा.

पुण्यात सर्वाधिक आढळणारा बजी हा पक्षी दुकानात आणि घरांत ‘लव्हबर्ड’ म्हणूनच ओळखला जातो. खरा लव्हबर्ड निराळा, आफ्रिकेतला. कॉकेटील या तुरेवाल्या पोपटाला विक्रेते ‘कॉकटेल’ म्हणतात. नावांचा हा घोळ एरवी चालतो, पण पशुवैद्याला फोनवरून पक्ष्याबद्दल सांगताना जात नेमकी माहीत असावी. बजीसाठी हातभर लांबीची, हवेशीर आणि घट्ट कडीची पेटी पुरते. घाईत भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोकाही चालतो. मोठे पोपट मात्र तो कुरतडून बाहेर येतात, त्यांना धातूची पेटीच लागते. नेहमीचाच पिंजरा न्यायचा असेल तर झोका, घंटा आणि आरसा काढावा, कारण हेलकाव्यात ते पक्ष्याला लागतात. पाण्याची वाटीही काढावी. ती सांडते आणि भिजलेला पक्षी गारठतो. ओलाव्यासाठी काकडीची चकती ठेवली की काम भागते.

पेटीची सवय लावणे हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा आणि सर्वाधिक टाळला जाणारा भाग. पहिले काही दिवस पेटी नुसती पिंजऱ्याशेजारी ठेवावी, दार उघडे. मग आत राळ्याचे कणीस अडकवावे. पक्षी आधी मान लांबवून दारातूनच दाणे टिपतो, मग एक पाय आत, आणि एखाद्या दिवशी पूर्ण आत जाऊन पाठ फिरवून खात बसतो. त्या दिवशीही दार लावू नये. दोन-तीन दिवसांनी क्षणभर लावून उघडावे, मग पेटी उचलून खोलीत एक फेरी मारावी, मग जिना उतरावा. तीन आठवड्यांत बहुतेक पक्षी तयार होतात, आणि पक्षी आपणहून आत शिरला यासारखे समाधान पाळणाऱ्याला दुसरे नाही.

हे जमले नसेल आणि वेळ येऊन ठेपली, तर दिवे आधी मालवावेत. अंधारात पक्षी उडायला कचरतो. वीज गेलेली असेल तर ती अडचण न मानता तिचा उपयोग करावा. टॉर्चचा झोत जमिनीकडे ठेवून जुना मऊ पंचा पक्ष्यावर हलके टाकावा आणि मागून धरावे: बोटांची पकड मानेभोवती डोक्याच्या दोन्ही बाजूंना, पाठ तळहातात. छातीवर दाब अजिबात नको. पक्ष्यांना आपल्यासारखे मध्यपटल नसते, छातीचे हाड पुढे-मागे होते तेव्हाच त्यांचा श्वास चालतो. मुठीत आवळलेला पक्षी चोच न दाबताही गुदमरतो. मटकीत (घरट्यासाठी पिंजऱ्यात बांधलेल्या छोट्या मडक्यात) पिल्ले असतील तर मटकीसकट न्यावीत, तोंडावर सैल फडके लावून. अंडी सोडून द्यावीत.

सोबतच्या पिशवीत आठवड्याचे खाद्य (एका बजीला दिवसाला दीड-दोन चहाचे चमचे दाणे लागतात), स्वच्छ पाणी, जुनी वर्तमानपत्रे, पंचा, पायातील कड्याचा क्रमांक आणि पक्ष्याचे ठळक छायाचित्र असावे. साइट्स (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्टांतील जातींसाठी २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार केलेल्या नोंदणीची प्रतही ठेवावी. आफ्रिकन करडा पोपट या परिशिष्टांत आहे. बजी आणि कॉकेटील नाहीत. आपला देशी पोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. असे पक्षी लपवलेले असल्याने संकटात त्यांच्या मदतीला कोणी येत नाही. ते आधीच, शांत वेळी, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून सुपूर्द करावेत.

घरातली सगळी माणसे हिंजवडीला कामावर किंवा शाळेत असताना पाणी आले तर काय, हा प्रश्न बहुतेक घरांनी स्वतःला विचारलेला नसतो. शेजारच्या काकूंकडे नुसती किल्ली देऊन भागत नाही. त्यांनी एकदा तरी स्वतः पेटीची कडी लावून पाहिलेली असावी. दारावर पक्ष्यांची संख्या आणि खोली लिहून ठेवावी. आग लागल्यावर पक्ष्यासाठी परत आत जाऊ नये, १०१ वर आलेल्या जवानांना पिंजरा कुठे आहे ते सांगावे. पाण्यातही हेच: वीजप्रवाह उतरलेल्या पाण्यातून पिंजरा आणायला जाणे जिवावर बेतते. नेणे अशक्यच झाले तर पिंजरा माळ्यावर चढवावा, दाणे-पाणी दुप्पट ठेवावे, पिंजऱ्याचे दार उघडे आणि खिडक्या बंद कराव्यात.

‘निदान उडून तरी जाईल’ म्हणून खिडकीतून सोडून देणे ही माया वाटते, पण ती घातक आहे. बजी आणि कॉकेटील मूळचे ऑस्ट्रेलियातले. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला पुण्याच्या पावसात दाणा शोधता येत नाही आणि कावळे-घारींपासून वाचताही येत नाही.

महापालिकेच्या शाळेत किंवा नातेवाइकांकडे आसरा घेतल्यावर पेटीवर तीन बाजूंनी कापड टाकावे आणि ती उंचावर, मांजरांपासून दूर ठेवावी. उदबत्ती, डासांची कॉइल आणि कापूर त्या खोलीत नको. तापलेल्या नॉनस्टिक तव्याचा धूरही पक्ष्याला मारतो, हे यजमानांना आवर्जून सांगावे. त्यांना ते ठाऊक नसते. मुले प्रेमाने चिवडा-फरसाण देतात, त्यातले मीठ बाधते. दुसऱ्यांच्या पक्ष्यांबरोबर एका पिंजऱ्यात ठेवू नये, कारण सिटाकोसिससारखा आजार पक्ष्यांकडून माणसांपर्यंतही पोचतो.

घरी परतल्यावर भिजलेले दाणे वाळवून वापरू नयेत, त्यांत बुरशी धरते. पिंजरा साबणाने धुऊन उन्हात वाळवावा. पक्षी पुढचे काही दिवस रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा. निरोगी बजी साधारण ३० ते ४० ग्रॅम भरतो. त्यात तीन-चार ग्रॅमची घट झाली, पिसे फुगवून तो तळाशी बसू लागला किंवा चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागला, तर त्याच दिवशी पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे न्यावा.