राजकीय स्थित्यंतरानंतरचे प्रौढांचे दंतारोग्य

राज्यव्यवस्था बदलली किंवा सीमा पुसली गेली, तरी त्या-त्या भागातल्या प्रौढांच्या दातांमधला फरक लगेच पुसला जात नाही. तो किती टिकतो आणि का, याचा अभ्यास सार्वजनिक आरोग्य दंतवैद्यकात होतो. सर्वांत नीट नोंदलेले उदाहरण जर्मनीचे आहे.

३ ऑक्टोबर १९९० रोजी जर्मनीचे एकीकरण झाले. तोवर पूर्वेतले बहुतेक दंतवैद्य सरकारी पॉलिक्लिनिकमध्ये पगारावर असत. पश्चिमेत खासगी दवाखाने होते आणि बिल मुख्यतः आजारविमा निधी भागवत. एकीकरणानंतर पूर्वेतल्या डॉक्टरांनीही थोड्याच वर्षांत स्वतःचे दवाखाने थाटले.

दंतारोग्याच्या पाहण्यांत किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दात मोजून बेरीज करतात. ही बेरीज फसवी असते. एकाचे बारा दात भरलेले आणि चार काढलेले, दुसऱ्याचे आठ-आठ. आकडा दोघांचाही १६. १९९७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटाची सरासरी १६.१ निघाली आणि पूर्व-पश्चिम जवळपास बरोबरीत दिसले. फोड केल्यावर मात्र पूर्वेत काढलेले दात जास्त होते, पश्चिमेत भरलेले. दाढ वाचवायची की उपटायची, हे उपचाराच्या सोयीवर आणि पद्धतीवर ठरले होते. ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठाने १९९७ ते २००१ दरम्यान ईशान्येकडच्या पोमेरेनियात ४,३०८ प्रौढांची तपासणी केली. तिथेही पश्चिमेच्या तुलनेत दात गमावलेले लोक अधिक आढळले.

मुलांचे चित्र वेगळे. कार्ल-मार्क्स-श्टाट (आताचे केम्निट्स) इथे १९५९ पासून नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालत. एकीकरणाच्या सुमारास ते थांबले, तरी मुलांच्या दातांची कीड वाढली नाही. टूथपेस्ट आणि मिठातले फ्लोराइड, दाढांच्या खाचा बुजवणे अशी कारणे दिली जातात. काढलेला दात मात्र परत येत नाही. त्यामुळे पन्नाशीच्या माणसाच्या तोंडात जुन्या व्यवस्थेचा हिशेब तसाच राहतो आणि सरासरी सुधारते ती मुख्यतः नवी पिढी त्या वयात आल्यावर. २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीत ३५ ते ४४ वयोगटाचा आकडा ११.२ वर आला होता.

पुण्यात एवढे मोठे स्थित्यंतर झालेले नाही. इथे हलली ती महापालिकेची हद्द. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे शहरात आली; लोहगाव, आंबेगाव, वाघोली, नऱ्हे ही त्यांतलीच. वाघोलीत आता इम्प्लांटच्या पाट्या आहेत, पण दातांचा खर्च बहुतेक विम्यांत बसत नाही आणि रूट कॅनलचा आकडा ऐकला की 'काढूनच टाका डॉक्टर' हे उत्तर जुन्या गावठाणातून हमखास येते. गावाकडच्या जुन्या पिढीतल्या बायकांत मिश्रीही आहे: तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, बोटाने दात-हिरड्यांना चोळून तोंडात तशीच धरायची, कित्येकदा दिवसातून दोन-तीनदा. हिरड्या मागे सरतात, मुळे उघडी पडतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, तरी घरच्या तव्यावर भाजलेली मिश्री तिच्या कक्षेत येणे अवघडच होते. शिवाय लावणारी बाई मिश्रीला व्यसन मानतच नाही, दात घासणे मानते. म्हणून शहर-गाव तुलना करताना तंबाखूच्या प्रश्नात मिश्री नाव घेऊन विचारावी लागते. जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीच्या भारतातल्या दोन्ही फेऱ्यांत (२००९-१० आणि २०१६-१७) ती तशी विचारली गेली.