कारखान्यातला रोबोट जपानने शोधला? नाही!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या फाउंड्रीत विचारा, 'रोबोट जपान्यांनी शोधला' हेच उत्तर मिळतं. कारखान्यातल्या रोबोटबद्दल तरी ते चूक आहे. तो अमेरिकेच्या जॉर्ज डेव्होल यांचा. कॉलेजची पदवी नसलेल्या या माणसाने १९५४ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६१ साली मिळालं. त्याच वर्षी न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात त्यांचा 'युनिमेट' हा रोबोट, म्हणजे एक यांत्रिक हात, कामाला लागला. काम कुठलं? वितळलेला धातू साच्यात दाबून भाग घडवणाऱ्या डाय-कास्टिंग मशीनमधून तापलेली कास्टिंग, म्हणजे ते भाग, बाहेर काढायचं. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या आपल्या कामगारांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको! हालचालींचा क्रम चुंबकीय ड्रमवर, म्हणजे रोबोटच्या स्मृतीत, साठवलेला असे. तो बदलला की तोच हात दुसरं काम करी. खरी करामत ही. जपानच्या कावासाकी कंपनीने रीतसर परवाना घेऊन १९६९ साली युनिमेट बनवला.