बाण सोडावा की नाही: धनुर्धारी शिकाऱ्यांच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

अमेरिकेत शरद ऋतूत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचा धनुष्याचा हंगाम सुरू झाला की एक वाद हमखास निघतो. शिकारी झाडावरच्या मचाणावर बसलेला आहे. पस्तीस यार्डांवर नर आला आहे, पण आडवा नाही. छाती शिकाऱ्याकडे, अंग तिरकं, मध्ये एक वाळकी फांदी, आणि दहा मिनिटांत अंधार होणार. सोडायचा का बाण?

बंदूकवाल्याला हा प्रश्न इतका छळत नाही, कारण गोळी आणि बाण यांचं काम वेगळं आहे. गोळी आदळते आणि आजूबाजूच्या मांसाचाही चेंदामेंदा करते. बाणाच्या टोकावरचा पातेदार फाळ फक्त कापतो. रक्तवाहिन्या तुटून जनावर किती लवकर कोसळेल, हे फाळ नेमका कुठून गेला यावर ठरतं. दोन्ही फुफ्फुसांतून गेला तर हरीण काही सेकंदांतच, बहुतेकदा शंभर-दीडशे मीटरच्या आत पडतं. यकृतात लागला तर काही तास जातात, आणि पोटात लागला तर शिकाऱ्याने आठ-बारा तास जागचं हलूही नये असा दंडक आहे. घाईने मागे गेलं तर जखमी जनावर उठून आणखी मैलभर जातं आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून हरीण आडवं हवं, किंवा पाठमोरं तिरकं. समोरून तिरक्या हरणाच्या छातीपुढे खांद्याचे सांधे आणि फऱ्याचं हाड आडवं येतं, आणि बाण आत शिरलाच तरी बरेचदा एकाच फुफ्फुसाला भोक पाडून पोटाकडे निघून जातो. मराठीत ‘वर्मी लागणे’ म्हणतात ते इथे अक्षरशः खरं आहे. हरणाचं वर्म साधारण वीतभर व्यासाचं असतं.

हा प्रश्न किती जुना आहे ते हाडंच सांगतात. डेन्मार्कमध्ये व्हिग गावाजवळच्या दलदलीत रानबैलाचा एक सांगाडा मिळाला. तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या बरगड्यांवर गारगोटीच्या टोकांच्या जखमा आहेत, आणि त्यातली एक भरून आलेली आहे. म्हणजे हा बैल आधी कधीतरी बाण खाऊन निसटला, बरा झाला, आणि पुढे पुन्हा कुणाच्या तरी तावडीत सापडला. सावज गमावलेल्या त्या पहिल्या शिकाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे, पण उपाशी माणसाचा हिशेब वेगळा असतो. लागला तर लागला, नाहीतर उद्या पुन्हा. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांनी तर प्रश्नच दुसऱ्या बाजूने सोडवला. एका भुंग्याच्या अळीचं विष बाणाला लावायचं, बाण अंगात कुठेही रुतला तरी चालेल असं धरायचं, आणि मग कित्येक तास, कधी दिवसभराहून जास्त, माग काढत चालायचं. तिथे सगळं कौशल्य बाण सुटल्यानंतर लागतं.

युरोपातल्या राजेरजवाड्यांनी हेच काम कुत्र्यांवर सोपवलं. फ्रान्समधला सरदार गास्तों फेबू याने १३८७ मध्ये शिकारीवरचा आपला ग्रंथ सांगायला घेतला. त्यात धनुष्याने करायची शिकार आहे आणि जखमी जनावराच्या मागावर जाणारे वास काढणारे कुत्रेही आहेत. बाण चुकणार, जनावर जखमी होऊन पळणार, हे त्या व्यवस्थेत गृहीतच होतं. चुकलेला बाण मात्र दर वेळी हरणापाशीच थांबत नाही. २ ऑगस्ट ११०० रोजी न्यू फॉरेस्टमध्ये इंग्लंडचा राजा दुसरा विल्यम शिकारीत बाण लागून मेला. तो बाण त्याच्यासोबत शिकारीला गेलेला सरदार वॉल्टर टायरेल याचा असं बहुतेक बखरकार सांगतात. हरणावर सोडलेला बाण भरकटला की तो भरकटलेला दाखवला, यावर इतिहासकार अजून भांडतात. आपल्याला अशा बाणाची गोष्ट नवी नाही. न दिसणाऱ्या लक्ष्यावर, नुसत्या आवाजाच्या अंदाजाने बाण सोडला की काय होतं, हे श्रावणबाळाच्या कथेतून लहानपणीच कळतं.

पुढे बंदूक आली आणि पाश्चात्त्य जगात धनुष्य शिकारीतून जवळजवळ हद्दपार झालं. परत आलं ते हौस म्हणून, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथून सुरू होते. पोटाचा प्रश्न संपल्यावरच ‘सोडू नये’ हे उत्तर शक्य झालं.

मॉरिस आणि विल थॉम्पसन हे दोघे भाऊ अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडून लढले होते. युद्धानंतर ते धनुष्य घेऊन रानात भटकले, आणि मॉरिसच्या १८७८ च्या पुस्तकाने धनुर्विद्येचं वेड देशभर पसरवलं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघटना निघाली. ही लाट ओसरली. दुसरी आली ती एका विलक्षण भेटीतून. ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावात ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीचा शेवटचा माणूस उपाशी, एकटा असा सापडला. त्याने आपलं नाव कधी सांगितलं नाही. लोकांनी ठेवलेलं ‘इशी’ म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं ‘माणूस’. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहू लागला, आणि शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक सॅक्सटन पोप त्याच्याकडून धनुष्य करायला आणि चालवायला शिकले. इशी हरणाच्या मागे धावत नसे. पेंढा भरलेलं हरणाचं डोकं घालून तो त्यांचं कुतूहल चाळवायचा, सशाच्या केकाटण्याची नक्कल करायचा, हरीण जवळ येईपर्यंत वाट पाहायचा. नेम धरण्याआधीच अर्धी शिकार झालेली असे. १९१६ मध्ये तो क्षयाने गेला.

पोप यांचं शिकारीवरचं पुस्तक १९२३ चं. त्यांनी आणि त्यांचा जोडीदार आर्थर यंग याने धनुष्याने अस्वलंसुद्धा मारली. गंमत अशी की गुरूकडून सबुरी शिकलेल्या या पिढीला लांबच्या नेमाचं कौतुक फार. सत्तर-ऐंशी यार्डांवरचे बाण ते अभिमानाने सांगत. आज तसं कुणी लिहिलं तर त्यांच्याच नावाने पुढे निघालेल्या शिकाऱ्यांच्या क्लबात भुवया उंचावतील.

त्यांना लांबचे बाण मिरवावेसे का वाटले, हेही समजण्यासारखं आहे. धनुष्य म्हणजे खेळणं, त्याने हरणं नुसती जखमी होतात, असा आक्षेप तेव्हा सर्रास होता. धनुष्यवाल्यांना वेगळा हंगाम मिळवायचा तर आधी हा आक्षेप खोडणं भाग होतं. विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये कोलंबिया आणि सॉक या दोन परगण्यांत फक्त धनुष्यासाठी हरणांचा हंगाम ठेवला. आधुनिक काळातला असा पहिला हंगाम म्हणून तोच सांगितला जातो. त्याच राज्यात तेव्हा आल्डो लिओपोल्ड वन्यजीव व्यवस्थापन शिकवत होते. ते स्वतः धनुष्यं बनवायचे, आणि त्यांची पत्नी एस्टेला नेमबाजीत त्यांच्याहून सरस. शिकाऱ्याला टाळ्या वाजवणारे किंवा नाक मुरडणारे प्रेक्षक नसतात, तो कसा वागला याचा निवाडा त्याचा त्यालाच करावा लागतो, हे निरीक्षण लिओपोल्ड यांचंच. मचाणावरच्या आपल्या माणसाला ते तंतोतंत लागू पडतं. पोप आणि यंग यांच्या नावाचा क्लब १९६१ मध्ये निघाला. नोंदीसाठी येणाऱ्या शिंगांसोबत, शिकार न्याय्य रीतीने केली असं प्रतिज्ञापत्र तो मागतो. पण त्या प्रतिज्ञापत्रात मिळालेल्या जनावराची हकिगत असते, न मिळालेल्याची नसते.

मग धनुष्यच बदललं. मिसुरीतल्या हॉलिस विल्बर ॲलन याने टोकांना कप्प्या बसवलेल्या धनुष्यासाठी १९६६ मध्ये अर्ज केला आणि १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळालं. साध्या धनुष्यात दोरी जितकी मागे तितका जोर जास्त. ताणायला साठ पौंडांचा जोर लागणारं धनुष्य पूर्ण ताणून दोन-तीन सेकंदांपलीकडे धरणं कठीण. म्हणून जुन्या शिकाऱ्याचा निर्णय दोरी ओढण्यापूर्वी झालेला असायचा. ॲलनच्या या कप्प्यांच्या, म्हणजे ‘कंपाउंड’ धनुष्यात शेवटच्या टप्प्यात भार उतरतो. आजच्या सत्तर पौंडांच्या धनुष्यात भार ऐंशी टक्के उतरत असेल तर बोटांवर उरतात जेमतेम चौदा पौंड. माणूस अर्धा मिनिट ताणून धरू शकतो, हरणाने एक पाऊल पुढे टाकायची वाट पाहू शकतो, विचार बदलू शकतो. बाण सोडावा की नाही हा प्रश्न शांतपणे विचारायची सवड शिकाऱ्याला या कप्प्यांनी दिली.

त्याच कप्प्यांनी पल्लाही वाढवला, आणि तिथेच फसगत आहे. जुन्या धनुष्याचा बाण सेकंदाला दीडशे फुटांच्या आसपास जायचा. आजचा तीनशेच्या घरात जातो. पण आवाज सेकंदाला सव्वाअकराशे फूट जातो. दोरीचा टणत्कार बाणाच्या कितीतरी आधी हरणापाशी पोचतो. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडतं, म्हणजे छाती खाली जाते आणि बाण पाठीवरून निघून जातो. आता हिशेब करू. आवाज ऐकल्यावर हरणाला हलायला ०.१५ सेकंद लागतात असं धरलं, तर वीस यार्डांवर आजच्या बाणापुढे त्याला वेळच उरत नाही. चाळीस यार्डांवर ते चार-पाच बोटं खाली गेलेलं असतं. साठ यार्डांवर जवळजवळ दोन विती. आणि वर्म आहे वीतभर. जुन्या धनुष्याला वीस यार्ड जायला जितका वेळ लागायचा, तितकाच नव्याला चाळीस यार्डांना लागतो. धनुष्य दुप्पट वेगवान झालं आणि शिकारी दुप्पट लांब जाऊन बसला. हरणाच्या हातात तो ०.४ सेकंद होता तसाच राहिला. १९९० च्या दशकापासून लेझरने अंतर यार्डापर्यंत अचूक कळू लागलं, पण हरीण सावध आहे की निवांत चरतंय हे लेझर सांगत नाही. कान ताठ, मान वर, पुढचा पाय आपटतंय अशा हरणावर तीस यार्डही फार होतात.

नवी साधनं आल्यावर जखमी हरणांचा आक्षेप गेला का? मेरिलंडमधल्या इंडियन हेड नौदल तळावर १९८९ ते २००६ या काळातल्या शिकारीची नोंद तपासली गेली. कंपाउंड धनुष्य आणि क्रॉसबो (दांड्यावर आडवं बसवलेलं, घोडा दाबून सोडायचं धनुष्य) वापरणाऱ्यांनी ९०८ हरणं मिळवली, आणि जखमी होऊन न सापडलेल्यांचं प्रमाण १८ टक्के निघालं. आणि हे तिथले शिकारी आधी नेमबाजीची चाचणी देऊन आलेले होते. या आकड्याकडे दोन्ही बाजू बोट दाखवतात. समर्थक म्हणतात, समजलं जातं त्याहून हे कितीतरी कमी आहे. विरोधक म्हणतात, हे फारच जास्त आहे. न सापडलेलं प्रत्येक हरीण मेलंच असंही नाही, हे व्हिगचा बैल सांगतोच. तरी मला हा आकडा लहान वाटत नाही.

युरोपातल्या देशांनी या प्रश्नाची उत्तरं कायद्यात घातली. ब्रिटनच्या १९८१ च्या वन्यजीव कायद्याने धनुष्याने वन्यप्राणी मारणं बंद केलं. जर्मनीच्या शिकार कायद्यातही खुरी जनावरांवर बाण चालवायला मनाई आहे. उलट फ्रान्सने १९९५ मध्ये धनुष्याची शिकार रीतसर नियमात बसवली, आणि डेन्मार्कने १९९९ पासून ‘रो’ या लहान जातीच्या हरणांसाठी ती खुली केली, पण नेमबाजीची परीक्षा दिल्यावरच.

अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम हंगाम, धनुष्याचा जोर, फाळाची रुंदी ठरवतात. हरीण कुठल्या बाजूने उभं असताना आणि किती अंतरावरून बाण सोडावा, हे शिकवण्याचं काम प्रशिक्षण वर्गांवर येतं. तिथले जुने लोक एक साधी कसोटी सांगतात. सरावाला गेलात की अंग तापल्यावरचे बाण मोजू नका. गाडीतून उतरून, हात गार असताना, जंगलात घालणार तेच जाड कपडे घालून एकच बाण सोडा आणि त्या दिवशी पुन्हा धनुष्याला हात लावू नका. असे पंधरा-वीस दिवसांचे पंधरा-वीस बाण ज्या अंतरावरून सगळेच्या सगळे वीतभर वर्तुळात पडले, तेवढं आपलं अंतर. बहुतेकांचं ते त्यांना वाटत असतं त्याच्या निम्मं निघतं.