उन्हाचा तडाखा आणि उन्हाचा मुक्काम

इंदूरला नौतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागतो, गच्चीवरचं एखादं झाड दुपारभर तग धरतं, आणि आपण म्हणतो, "हे उन्हाला सरावलंय." पण तडाखा सोसणं वेगळं आणि सरावणं वेगळं. दोन्हींत जनुकं निरनिराळ्या तऱ्हेने कामाला लागतात.

एचएसएफए१ हे नियंत्रक प्रथिन एरवी एचएसपी७० आणि एचएसपी९० या रक्षक प्रथिनांनी धरून ठेवलेलं असतं. तापमान एकदम चढलं की पेशीतल्या इतर प्रथिनांच्या घड्या बिघडतात. रक्षक त्यांना सावरण्यात गुंततात, आणि मोकळा झालेला एचएसएफए१ काही मिनिटांत जनुकं चालू करून नव्या रक्षकांची फौज उभी करतो. ती पुरेशी झाली की त्याला पुन्हा धरून ठेवते. हे थांबणं गरजेचंच आहे, कारण तोवर वाढीची कामं मागे पडलेली असतात.

पारा आठवडेच्या आठवडे चाळिशीपार राहिला तर एवढ्या डागडुजीवर भागत नाही. त्या उष्णतेतच झाडाला अन्न तयार करायचं असतं, आणि तिथला नाजूक दुवा म्हणजे रुबिस्को अ‍ॅक्टिव्हेज हे विकर (एन्झाइम). हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या रुबिस्कोला ते कामाला लावतं. ते लवकर निकामी होतं. गव्हासारख्या पिकात त्याचा अधिक उष्णता सोसणारा प्रकार बनवणारं जनुक अशा वेळी जोर धरतं. पेशीपटलातल्या मेदाम्लांची घडणही बदलते, म्हणजे उष्णतेने पटल फार प्रवाही होत नाही. सरावणं म्हणतात ते हे. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीतल्या टाइडस्ट्रोमिया ऑब्लाँगिफोलिया या वनस्पतीचं प्रकाशसंश्लेषण सुमारे ४७ अंशांना सर्वाधिक असतं, असं १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं होतं. केवढी ही कमाल!

घोटाळा होतो तो मधल्या एका पायरीमुळे. अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या रोपाला तासभर ३७ अंशांत ठेवून सावरू दिलं, तर पुढे ४४ अंशांचा थोडा वेळचा माराही ते सोसतं. एचएसएफए२ या एचएसएफए१ च्याच कुळातल्या नियंत्रकामुळे रक्षक जनुकांजवळच्या हिस्टोनांवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, रासायनिक खुणा उमटतात आणि काही दिवस टिकतात. ही आठवण तडाख्याची. महिनाभराच्या उन्हात अन्न बनवायची तयारी तिच्यात नसते.

नर्सरीतल्या जाळीखालचं रोप मे महिन्यात थेट गच्चीवर ठेवलं की करपतं, त्यात ही तयारी नसणं हे एक मोठं कारण. माळव्यातल्या उशिरा पेरलेल्या गव्हाचं मार्चमधलं दुखणं मुक्कामाचं आहे: दाणा भरायचे दिवसच कमी होतात आणि तो हलका राहतो. त्यामुळे कोवळ्या रोपाला तासभर तापवून निवडलेल्या वाणावर मी तरी विसंबणार नाही. त्याची परीक्षा दाणा भरताना, शेतातच व्हायला हवी.