‘सेंट्रिओलर प्लाक’ नावाचा घोळ: मलेरियाच्या परजीवीचं विभाजन

लाल रक्तपेशीत शिरलेल्या मलेरियाच्या एका फाल्सिपेरम जातीच्या परजीवीचे ४८ तासांत साधारण १६ ते ३२ होतात. मात्र एवढ्या वेळात त्याची पेशी एकदाही दोनात फुटत नाही. आतल्या आत केंद्रकं वाढत जातात आणि अगदी शेवटी प्रत्येकाभोवती आवरण चढून सगळे मेरोझॉइट, म्हणजे नवे परजीवी, एकदमच सुटे होतात. जिम्सा या रंगाने रंगवलेल्या काचपट्टीवर ही अवस्था सहज ओळखू येते: मध्ये तपकिरी रंगद्रव्याचा गोळा, भोवती जांभळ्या ठिपक्यांची दाटी. त्या एकेका ठिपक्यात गुणसूत्रं कशी वाटली जातात, हे कळायला मात्र शंभरेक वर्षं गेली.

सुरुवात १८८० मध्ये अल्जीरियात झाली. एका फ्रेंच लष्करी डॉक्टरला रुग्णाच्या ताज्या रक्तात चाबकासारखे धागे वळवळताना दिसले. ते परजीवीचे नर युग्मक, म्हणजे नर प्रजननपेशी, होते, हे पुढे समजलं. काही वर्षांतच इटलीत तापाची पाळी आणि परजीवी फुटण्याची वेळ यांची सांगड बसली. गुणसूत्रं मात्र कोणालाच दिसेनात. आपल्या पेशीत ती विभाजनाच्या वेळी आखडून जाड होतात, इथे तशी होत नाहीत. शिवाय केंद्रकाचं पटलही विरत नाही, सगळा कारभार बंद दाराआड चालतो. अखेर १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, सूक्ष्मनलिका (गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे प्रथिनांचे बारीक धागे) गुणसूत्राला जिथे धरतात ती ठिकाणं मोजली गेली आणि १४ हा आकडा हाती आला. २००२ मधल्या जनुकीय आराखड्यातही गुणसूत्रं तेवढीच निघाली.

याच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने एक नावही मागे ठेवलं, आणि ते आजवर त्रास देतं आहे. पटलात रुतलेला एक गडद, चपटा डाग आणि त्याच्यापासून केंद्रकात पसरलेल्या सूक्ष्मनलिका असं चित्र दिसलं. त्या डागाला ‘सेंट्रिओलर प्लाक’ म्हणू लागले. पण रक्तातल्या या अवस्थांत सेंट्रिओल मुळी नसतातच! प्राण्यांच्या पेशीतलं सेंट्रिओल म्हणजे सूक्ष्मनलिकांच्या नऊ जुडग्यांची नळकांडी. तसलं काहीच त्या डागात नाही. जे असायला हवं असं वाटलं, त्याचंच नाव जे दिसलं त्याला दिलं गेलं. यीस्टमधल्या अशाच रचनेलाही आधी जवळपास हेच नाव होतं, तिथे ते मागे पडलं. इथे टिकलं.

जुन्या नावाच्या बाजूने एक मुद्दा आहे. डासाच्या पोटात पोचलेल्या नर पेशीत सेंट्रिओलसारख्या रचना नव्याने घडतात आणि या डागाशी जोडलेल्या राहतात. ती अवस्थाही विलक्षण आहे: पंधराएक मिनिटांत डीएनएची प्रत काढण्याच्या तीन फेऱ्या होऊन एका पेशीतून आठ शेपटीवाले युग्मक निघतात. तेवढ्यावर नाव राखावं, हे मला पटत नाही. नमुना जेलमध्ये फुगवून पाहण्याची पद्धत गेल्या काही वर्षांत आली, तेव्हा ‘प्लाक’ हा शब्दही अपुरा ठरला. पटलाबाहेर सेंट्रिन प्रथिनाचा एक भाग, पटलाच्या आत डीएनए नसलेली मोकळी जागा, आणि सूक्ष्मनलिका उगवतात त्या या आतल्या जागेतून. म्हणजे नावाचे दोन्ही तुकडे डळमळीत. कोणी प्राण्यांच्या पेशीतल्या अशा केंद्राचं ‘सेंट्रोसोम’ हे नाव वापरतं, कोणी सूक्ष्मनलिकांचं उगमकेंद्र. माझं मत दुसऱ्याला, कारण त्यात आधीच ठरवून टाकलेलं काही नाही.

केंद्रकं एकाच ठेक्यात दुपटीने वाढतात, दोन, चार, आठ, हा समजही जिवंत पेशींच्या चित्रणाने मोडला. एकाच पेशीत, एकाच द्रवात असूनही जुळी केंद्रकं वेगवेगळ्या वेळी डीएनएची प्रत काढू लागतात. म्हणून मेरोझॉइट मोजले तर १९ किंवा २३ भरण्यात काहीच नवल नाही.

सध्या भर आहे तो प्रथिनांच्या यादीवर. विभाजनाचं नियंत्रण करणाऱ्या किनेझ प्रथिनांपैकी ऑरोरा गटातली सापडतात, पोलो किनेझ नाही. सगळी गुणसूत्रं नीट जोडली जाईपर्यंत आपली पेशी विभाजन थोपवून धरते. त्या पहाऱ्यातली नेहमीची काही प्रथिनंही इथे मिळत नाहीत. गुणसूत्राला पकडणाऱ्या यंत्रणेचे कितीतरी भाग तर माणसातल्या भागांशी जुळतच नाहीत. औषध शोधणाऱ्यांची नजर या न जुळणाऱ्या भागांवर आहे, कारण त्यांवर घाव घातला तर आपल्या पेशींना धक्का लागण्याची भीती कमी.